जबडा फोडत नाहीत हो, मामा!

अमळनेरहून मामांचा फोन. "मना जबडा फोडतीन का रे भो?"

वरच्या पुढच्या दोन दातांच्या जागी इम्प्लांट, म्हणजे नकली दात पेलणारे हाडात रोवायचे खुंट, बसवायचे होते. स्कॅन झाला होता, तारीख मिळाली होती. आदल्या रात्री भाऊबंदांच्या ग्रुपवर मेसेज आला: 'हाड अरुंद आहे सांगून वरचा जबडा छिन्नीने फोडतात. डोळ्याची नस तुटते. फटीत जनावराचं हाड भरतात. त्यापेक्षा वर्षभर थांबा, तुरटी-हळदीने हिरडी चोळा, हाड आपोआप रुंद होतं.' मामांनी तारीख रद्द केली.

शेवटापासूनच धरतो, खरं नुकसान तिथेच आहे. थांबलं की हाड वाढतं? अहो, झिजतं! दात गेला की त्याला धरून बसलेल्या हाडाला काम उरत नाही. डेन्मार्कमध्ये श्रॉप आणि सहकाऱ्यांनी दाढ किंवा उपदाढ काढलेले ४६ रुग्ण वर्षभर मोजले, २००३ साली छापलं. हाडाची रुंदी सरासरी १२ मिलीमीटरवरून ५.९ वर आली होती, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच. मामांचे दात पडून दोन वर्षं झालीत, स्कॅनमध्ये रुंदी चार मिलीमीटर. चोळून हिरडीच सोलेल, आतल्या हाडाला पत्ताही लागणार नाही.

आता 'फोडणं'. इम्प्लांट साडेतीन-चार मिलीमीटर जाड, दोन्ही बाजूंना निदान एकेक मिलीमीटर हाड हवं, म्हणजे सहाच्या आसपास रुंदी लागते. म्हणून हिरडी उघडून हाडाच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने बारीक चीर देतात आणि हळूहळू जाड होत जाणारी अवजारं आत सरकवतात. ओल्या बांबूला पाचर मारल्यासारखं. वरच्या जबड्याचं हाड खालच्यापेक्षा मऊ, म्हणून चिरेच्या ओठाकडची हाडाची भिंत बाहेर कलते आणि मधल्या फटीत इम्प्लांटपुरती जागा होते. कधीकधी ती भिंत मोडते, हे खरंय, ते डॉक्टरांनी आधी सांगायलाच हवं. तीन मिलीमीटरपेक्षा पातळ हाडावर किंवा दोन भिंतींमध्ये मऊ हाडच नसेल तर हे करू नये. आणि याने उंची वाढत नाही, रुंदीच वाढते.

डोळ्याची नस डोळ्याच्या गोळ्यामागून मेंदूकडे जाते. दातांच्या वाटेवर तिचं काय काम?

जनावराचं हाड... बरं, यात तथ्य आहे. फटीत भरायची पूड बऱ्याचदा गाईबैलांच्या हाडांची असते, त्यातलं मांस-प्रथिन काढून टाकलेलं, उरतो तो खनिजाचा सांगाडा. कोणाच्या श्रद्धेला चालत नसेल तर आधी विचारावं, कृत्रिम पूडही मिळते. मामांना मी हेच सांगितलं, त्यांनी तेवढंच नीट ऐकलं.

सगळ्यात गंमत म्हणजे, जखम भरू न देणाऱ्या तंबाखूबद्दल त्या मेसेजमध्ये चकार शब्द नाही. फोन ठेवताना मी विचारलं, "मामा, खिशातली पुडी?" तिकडून फक्त खोकला आला.