‘प्रॉडक्शन पाहिलेला माणूस असं लिहिणार नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक,

पोस्टग्रेस या डेटाबेसचा ऑटोव्हॅक्यूम (टेबलांतल्या मेलेल्या, म्हणजे बदलल्या-पुसल्यामुळे निरुपयोगी झालेल्या रो आपोआप साफ करणारं काम) बंद करू नका, उलट मोठ्या टेबलांवर तो जास्त वेळा चालू द्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: “हे सगळं पुस्तकी. प्रॉडक्शन पाहिलेला माणूस असं लिहिणार नाही. व्हॅक्यूम दिवसा डिस्क खातो. आम्ही तो बंद ठेवतो आणि रात्री क्रॉनने एकदाच मारतो, कधी काही अडलं नाही.” पुढे चार तक्रारी: मोजमापं नाहीत, कनेक्शन पूलिंगचा (डेटाबेसच्या जोडण्या वाटून वापरण्याचा) उल्लेख नाही, कॉस्ट डिलेचा (साफसफाईत मधेमधे थांबण्याच्या वेळेचा) आकडा जुना आहे, आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ही कटकटच नसते.

आकड्याचं आधी मिटवतो. ऑटोव्हॅक्यूमचा कॉस्ट डिले मी २० मिलिसेकंद लिहिला होता. २०१९च्या १२व्या आवृत्तीपासून तो २ आहे. मान्य. लेखात बदल केलाय. मी बरीच वर्षं जुन्या आवृत्त्यांवर काढली, त्यामुळे तो आकडा बोटांत बसलाय.

पण ‘पुस्तकी’? प्रॉडक्शन, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात ती चालू सिस्टिम, मी पाहिलेलीच नाही? मतभेद असू शकतात, ते सभ्यपणे मांडता येतात. समोरच्याने काय केलंय हे ठाऊक नसताना, स्वतःचं नावही न लिहिता त्याची लायकी काढायची, याला मी चर्चा म्हणत नाही. ऑन-कॉलचा फोन उशाशी घेऊन मी किती रात्री झोपलोय हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती. आता सांगतो.

एका ठिकाणी (नाव सांगणार नाही) मी कामाला लागलो तेव्हा नेमकी तुमचीच पद्धत होती. दिवसा ऑटोव्हॅक्यूम बंद, रात्री क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्रॅम), सकाळी क्रॉनचा हिरवा मेल. सगळे खूश. त्या डेटाबेसवर एक रिपोर्टिंग टूल होतं. ते दुपारी ट्रान्झॅक्शन (डेटाबेसवर एकत्र करायच्या कामांचा गठ्ठा) उघडायचं आणि बंद करायला विसरायचं. त्या ट्रान्झॅक्शनला जुना डेटा दिसायला हवा, म्हणून ती उघडल्यानंतर मेलेली एकही रो व्हॅक्यूम काढू शकत नाही. रात्री व्हॅक्यूम यायचा, अख्खं टेबल वाचायचा, दुपारनंतरच्या कचऱ्याला हात न लावता निघून जायचा. एरर नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलंच नव्हतं. मेल हिरवाच. रोजचा सगळा कचरा दिवसातल्या एकाच संधीवर सोडला होता आणि ती संधी रोज अर्धी वाया जात होती. आयडल-इन-ट्रान्झॅक्शन टाइमआउट (नुसती उघडी पडलेली ट्रान्झॅक्शन तोडणारी मुदत) ९.६ आवृत्तीपासून आहे, पण डिफॉल्टला तो बंद असतो, आणि तिथे तो कोणी लावला नव्हता. ‘कधी काही अडलं नाही’ हे वाक्य मी त्या ऑफिसातही ऐकलंय.

समजा, तुमच्याकडे असं टूल नाही. तरी पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुनी रो जागेवर ठेवून नवी लिहिणं. दिवसभर मेलेल्या रोंची जागा मोकळी होत नाही, म्हणून नव्या रो बहुतेक फाइलच्या शेपटीला जातात. रात्रीचा व्हॅक्यूम ती जागा पुन्हा वापरण्याजोगी करतो, पण टेबलाच्या अगदी शेवटची पानं पूर्ण रिकामी असल्याखेरीज फाइल आखूड होत नाही. तुमचं टेबल सगळ्यात वाईट दिवसाच्या मापाचं होऊन बसतं. ते खाली आणायचं तर व्हॅक्यूम फुल, म्हणजे टेबलावर पूर्ण लॉक, तोवर ते कोणालाच वापरता येत नाही. मग बघा काय अडतं ते.

आणि ‘डिस्क खातो’ म्हणे! ऑटोव्हॅक्यूम थोडं काम करून थांबतो, त्यासाठीच तर तो कॉस्ट डिले, ज्याचा आकडा तुम्ही मोठ्या हौसेने दुरुस्त केलात. हाताने किंवा क्रॉनने मारलेल्या व्हॅक्यूमला हा डिले डिफॉल्टला शून्य असतो. लगाम असलेला घोडा तुम्ही बंद केलात आणि बिनलगामाचा रात्री सोडलात. टेबलाचा किती हिस्सा मेल्यावर उठायचं ते ठरवणारा डिफॉल्ट स्केल फॅक्टर ०.२ आहे, १० कोटी रोंच्या टेबलात २ कोटी रो मेल्यावर ऑटोव्हॅक्यूमला जाग येते. इतका कचरा एकदम उचलायचा तर डिस्कला त्रास होणारच. मोठ्या टेबलापुरता तो ०.०१ करा, असं लेखात स्पष्ट लिहिलंय. तो परिच्छेद तुम्ही वाचलाय असं वाटत नाही.

ऑटोव्हॅक्यूमबरोबर ऑटोॲनालाइझही (टेबलात काय किती आहे याचे अंदाज ताजे ठेवणारं काम) बंद होतं, हे तर तुमच्या गावीही नसावं. समजा, कामांच्या रांगेचं टेबल आहे. रात्री ॲनालाइझ केलंत तेव्हा ती रांग उपसून झालेली असते, म्हणून प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) धरून चालतो की ‘प्रलंबित’ रो जवळजवळ नाहीतच. दुपारी त्या लाखांत असतात आणि तो नेस्टेड लूप (थोड्या रो असतील तरच परवडणारी पद्धत) निवडून बसतो. मग मीटिंगमध्ये ‘क्वेरी अचानक स्लो झाली’. अचानक काही होत नसतं.

शिवाय ऑटोव्हॅक्यूम पूर्ण बंद होतच नाही. टेबलाचं ट्रान्झॅक्शन आयडीचं वय २० कोटींच्या पुढे गेलं की सेटिंग काहीही असो, रॅपअराउंड (ट्रान्झॅक्शनचे क्रमांक संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं) टाळायला तो उठतो. एरवी कोणाला लॉक हवं असेल तर ऑटोव्हॅक्यूम बाजूला होतो, हा मात्र होत नाही. तुमचा रात्रीचा व्हॅक्यूम रोज सगळ्या टेबलांवर पूर्ण होत असेल तर ही वेळ येणार नाही, हे खरं. होतो का? क्रॉनच्या मेलवर विसंबून सांगू नका.

बाकीचं थोडक्यात. मोजमापं दिली की लोक म्हणतात ‘आमचं हार्डवेअर वेगळं’, म्हणून देत नाही. पूलिंग हा त्या लेखाचा विषय नव्हता. आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनात एक ट्रान्झॅक्शन दिवसभर उघडी ठेवून हिस्टरी लिस्ट लेंग्थ (अजून साफ न झालेल्या जुन्या बदलांच्या यादीची लांबी) कुठे जाते ते बघा, मग कटकटीबद्दल बोलू.

संध्याकाळी, तुमचा क्रॉन चालायच्या आधी, पीजी स्टॅट यूजर टेबल्समध्ये (टेबलांची आकडेवारी दाखवणाऱ्या पोस्टग्रेसच्या यादीत) सगळ्यात जास्त अपडेट होणाऱ्या टेबलाच्या जिवंत आणि मेलेल्या रोंचे आकडे बघा आणि इथे टाका. मोजमापं तुम्हालाच हवी होती ना.

‘ही प्रतिक्रिया तुम्ही उडवणार’ असंही शेवटी लिहिलंत. उडवलेली नाही.