चौकड्यांचा पाणसाप म्हणजे घोणस नव्हे

पाऊस लागला की गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो: विहिरीत, शेततळ्यात दिसणारा चौकड्यांचा साप ‘पाणघोणस’ आहे, तो फणा काढतो, चावला की माणूस वाचत नाही, दिसेल तिथं ठेचा. यातलं एकही वाक्य खरं नाही.

‘पाणघोणस’ नावाची जातच नाही. नाथसागराच्या काठाला, गोदावरीच्या घाटांवर, विहिरींच्या कपारीत दिसतो तो विरोळा; त्याला दिवडही म्हणतात. तो बिनविषारी आहे. रंगावर जाऊ नका, तो पिवळसर, हिरवट, राखाडी कसाही असतो आणि अंगाला चिखल लागला की चौकड्या झाकतात. डोळा बघा. डोळ्याखालून ओठाकडे एक आणि डोळ्यामागून जबड्याच्या कोपऱ्याकडे दुसरी, अशा दोन तिरक्या काळ्या रेघा. बाहुली गोल, डोक्यावर मोठे खवले. घोणशीची बाहुली उभी, डोक्यावरचे खवले बारीक, अंग जाड, शेपूट आखूड आणि पाठीवर गडद कडेच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी.

फण्याचं म्हणाल तर डिवचलेला विरोळा मान चपटी करतो, कधी पुढचा भागही उचलतो. नागासारखा रुंद फणा त्याला नाही. भीतीनं केलेल्या या आवेशापायी तो नाग समजून मारला जातो, याचं फार वाईट वाटतं.

चावतो मात्र खरंच, आणि चटकन. रक्त येतं, पण विषदंत नसतात. जखम साबणानं धुवा. साप नक्की ओळखला नसेल तर ओळखत बसू नका. आवळून बांधू नका, कापू नका, हात-पाय हलवू न देता 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. ‘पाण्यातला साप बिनविषारीच’ हा उलटा समजही घातक आहे. नाग आणि घोणस दोघंही पोहतात.

राहिलं ‘ठेचा’. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या सापाला संरक्षण आहे. पाहायचाच तर दोन-तीन मीटर लांब, हालचाल न करता थांबा. बेडूक आणि मासे धरताना दिसेल. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेल्या सापाला गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही, तो दमून बुडतो. काठाला खुंटी ठोकून जाड काथ्याची दोरी किंवा जुनं जाळं पाण्यापर्यंत सोडा, टोकाला दगड बांधा. तो आपला आपण निघून जातो.