झाडपाल्याचं औषध, म्हणून अपाय नाही?

सावंतवाडीपासून दापोलीपर्यंत फोनाफोनांवर एक मेसेज फिरतो आहे: झाडपाल्याचं औषध निसर्गातलं, त्यात केमिकल नाही, कितीही घ्या, अपाय नाही. घरगुती असल्याने परवानाही लागत नाही. वनौषधींवर माझा विश्वास आहे, म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

‘निसर्गातलं, म्हणून निर्धोक.’ आपल्याकडे रानात काजऱ्याचं झाड उभं असतं. त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन असतं, जीव घेणारं विष. आयुर्वेदही ही बी शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करणारी शुद्धी, केल्याशिवाय वापरत नाही.

‘कितीही घ्या.’ आमटीतली कोकमाची चार सोलं वेगळी आणि वजन उतरवायच्या कॅप्सूलमधला अर्क वेगळा. कोकमाच्याच कुळातल्या गार्सिनिया कंबोजियाच्या अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला, आणि २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांना तो घेणाऱ्या ६ रुग्णांत यकृताची इजा आढळली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की, वेल गुळवेलच होती कशावरून, तशीच दिसणारी दुसरी जात असेल. असेलही. पण मग रानातून ओढून आणलेली वेल कुणी ओळखून दिली नसेल, तर ‘अपाय नाही’ हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

‘केमिकल नाही.’ मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड, मधुमेहाच्या चूर्णात साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथीच्या गोळ्यांची पूड, ही भेसळ आपल्या देशात वारंवार सापडली आहे. पुडी घेतली की गुडघा लगेच हलका होतो, भातलावणीला वाकता येतं, मग ती कोण सोडणार? पुढे चेहरा सुजतो, साखर चढते. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं तोवर कमी केलेलं असतं, त्यामुळे पुडी एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं.

‘परवाना लागत नाही.’ अर्धं खरं. वैद्य स्वतः बनवून स्वतःच्या रुग्णाला देतात, त्याला १९४० च्या औषध कायद्यात सूट आहे. बाटलीत भरून बाजारात मांडलं की परवाना हवाच, आणि लेबलवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, उत्पादनाची तारीखही.

अशी पुडी आधीच चालू असेल तर लपवू नका, मनाने बंदही करू नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा. संपत आली तरी फेकू नका, भेसळीची तपासणी त्या उरलेल्या चिमूटभर चूर्णावरच होते.