वाघनखं लंडनने ‘सिद्ध’ केलेली नाहीत

“लंडनच्या म्युझियमने सिद्ध केलेली, अफझलखानाचा कोथळा काढणारी तीच वाघनखं कायमची मायदेशी परतली. पेटीवरचा लेख हाच पुरावा. शंका घेणारा शिवद्रोही.” जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखांचं प्रदर्शन सुरू झालं, तेव्हापासून फिरणारा हा मेसेज आता भाचीच्या शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरलाय. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सिद्ध कोणी केली? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची स्वतःची नोंद वाचा. महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खातरजमा करता आलेली नाही, असं तिथे सरळ लिहिलंय. १८१८ मध्ये शरण आलेल्या दुसऱ्या बाजीराव पेशव्याकडून ती ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे गेली असावीत, ही नोंदीतली फक्त शक्यता. प्रतापगडचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. मधली जवळपास १६० वर्षं ती कुठे होती, याचा माग त्या नोंदीत नाही. पोलाद तपासलं तरी फार तर धातू आणि घडण कळेल, ते कोणाच्या मुठीत होतं हे कळणार नाही.

आता वाघनखांच्या मूळ पेटीवरचा लेख, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. इंग्रजीतला हा मजकूर म्हणतो की शिवाजीने ‘मोगल सेनापती’ला याने मारलं, आणि साताऱ्याचा रेसिडेंट (इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी) असताना जेम्स ग्रँट डफला हे ‘पेशव्याच्या पंतप्रधाना’ने दिलं. अफझलखान मोगलांचा? तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार, हे चौथीच्या मुलालाही ठाऊक असतं. खुद्द ग्रँट डफच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासातही तो विजापूरचाच आहे. आणि पेशवा म्हणजेच पंतप्रधान, मग त्याचा पंतप्रधान कोण? एवढ्या दोन ओळींत दोन घोटाळे. वर हा लेख ग्रँट डफ साताऱ्याला आल्यानंतरचा, म्हणजे घटनेनंतर किमान १५९ वर्षांनी लिहिलेला. याला पुरावा म्हणायचं?

एक मान्य करावं लागेल. वस्तू बनावट आहे असं कोणी म्हणत नाही. ती ग्रँट डफच्या वंशजांकडूनच म्युझियमला मिळाली. वाघनखांचा वारही खरा. तर्जनी आणि करंगळी दोन कड्यांत घातली की नख्या मुठीत दडतात, आलिंगनाच्या भेटीत हेच शस्त्र चालणार. पण सभासद बखर पुढचंही सांगते. डाव्या हातात वाघनख, उजव्या हातात बिचवा म्हणजे छोटा खंजीर, आणि खानाचं शिर कापणारा संभाजी कावजी. महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ यांची बोलणी, जावळीच्या रानात दबा धरलेलं सैन्य, हे सगळं होतं म्हणून तो दिवस जिंकला. काचेच्या पेटीत एकच वस्तू, तिच्यावर झगझगीत दिवा आणि पुढे सेल्फीची रांग. मग लोकांच्या मनात एवढी आखलेली मोहीम चार नख्यांपुरतीच उरते, आणि याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

‘कायमची परतली’ हेही खोटं. करार तीन वर्षांच्या उसनवारीचा आहे.

राहिला शिवद्रोह. अफझलखानाच्या वधावर कोणाचीच शंका नाही, शंका त्या पेटीतल्या वस्तूच्या ओळखीवर आहे. महाराजांच्या नावावर काहीही खपवून घेणं ही भक्ती नव्हे.

प्रकल्पाच्या वहीत चित्राखाली एवढंच लिहायचं: “वाघनखं, पोलादी. ग्रँट डफ घराण्याकडून लंडनच्या म्युझियमला मिळालेली. शिवाजी महाराजांची असल्याची परंपरा. खातरजमा झालेली नाही. तीन वर्षांसाठी उसनी.”