मंजूर भार

दहावीला ८५ टक्के मिळवलेस तर गेमिंगचा कॉम्प्युटर, असं मी बोलून बसलो होतो. बोललो तो नववीच्या निकालाचा दिवस होता आणि तो निकाल हातात असताना असं वचन द्यायला कुठलाच बाप घाबरला नसता. पण राज्य मंडळाने ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ नावाची एक सोय करून ठेवली आहे. सहापैकी सगळ्यात कमी मार्कांचा विषय गळतो आणि उरलेल्या पाचांवर टक्के निघतात. आमच्या घरात मराठी पुस्तकांची दोन कपाटं आहेत. चिरंजीवांचा गळलेला विषय मराठी. टक्के ८५.२०.

गणपतीपर्यंत कॉम्प्युटर उभा राहिला. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एका बाजूला काच असलेला कॅबिनेट, आणि आत आमच्या मखरालाही नव्हते इतके रंगीत दिवे. राहिलं फक्त ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेममधली चित्रं पडद्यावर काढणारा भाग, कारण पैसे संपले. तोवर प्रोसेसरमध्येच जे काही थोडंफार ग्राफिक्स असतं त्यावर भागवायचं होतं.

“अरे, पण चालतोय की!” मी म्हणालो.

“बाबा, तो चालत नाहीये. तो फक्त चालू आहे.”

मी वीज कंपनीत २८ वर्षं बिलिंगला काढली आहेत. चालू असणं आणि चालणं यातला फरक मला कुणी शिकवायला नको. व्होल्टेज पडलेल्या घरातला पंखाही चालूच असतो. त्यामुळे माझी बोलती बंद झाली आणि दिवाळीला सानुग्रह अनुदान मिळालं की कार्ड घेऊ, असं दुसरं वचन मी देऊन बसलो.

कार्डांना नावं नसतात, आकडे असतात. उदाहरणार्थ ४०६०. हा आकडा ‘चार हजार साठ’ असा वाचला की पोरगा खाली मान घालतो. तो ‘फोर्टी सिक्स्टी’ असा म्हणायचा. पुढचे दोन आकडे म्हणजे बॅच, मागचे दोन म्हणजे तुकडी. ५० ची तुकडी गरीब, ६० मध्यमवर्गीय, ७० खाऊनपिऊन सुखी, आणि ९० म्हणजे किंमत न विचारता घेणाऱ्यांची. इथवर माझं ठीक चाललं होतं. मग काही आकड्यांपुढे इंग्रजीतली टी आणि आय ही दोन अक्षरं दिसली. मी ते ‘ती’ असं वाचलं. ४०६० आणि ४०६० ती. म्हटलं जोडपं असेल. किंमती पाहिल्यावर तर खात्रीच पटली, कारण ‘ती’चा खर्च दहा-एक हजारांनी जास्त होता. हा विनोद मी हिला अजून सांगितलेला नाही.

ऑफिसात विचारावं तर तिथे प्रत्येकाचा एक भाचा या विषयातला निघाला. एका सहकाऱ्याने तर प्रश्नच मिटवला. “तीस हजार कशाला घालतोस? मी पोराला साडेतीन हजारात घेऊन दिलं. दोन जीबीचं!” संध्याकाळी मी घरी मोठ्या उत्साहाने त्या कार्डाचं नाव सांगितलं. जीटी ७१०. पोरगा काही बोलला नाही. जेवण झाल्यावर हात पुसत एवढंच म्हणाला, “बाबा, ते कार्ड मी बालवाडीत असताना आलंय. त्यावर फक्त चित्र दिसतं.” चित्र दिसावं एवढीच माझी ग्राफिक्स कार्डाकडून अपेक्षा होती, हे मी मग मनातच ठेवलं.

खरा घोळ पुढेच होता. ३०६० हे २०२१ सालचं आणि ४०६० हे २०२३ सालचं. जुन्यात मेमरी १२ जीबी आणि नव्यात ८. छपाईची चूक असेल म्हणून मी तीन ठिकाणी तपासलं. चूक नव्हती. जुन्याचा मेमरी बस, म्हणजे मेमरीत ये-जा करायचा रस्ता, १९२ बिटचा, नव्याचा १२८ चा. आणि तरीही नवं जास्त पळतं आणि जास्त पैसे मागतं. यूट्यूबवर या एका मुद्द्यावरून पानिपत चाललं होतं. अर्धे म्हणत होते, ८ जीबीत आता काही होत नाही. उरलेले म्हणत होते, १२ घेऊन करणार काय, कार्डालाच दम नसेल तर? मी दोन्ही बाजूंचे मिळून सात तास पाहिले आणि प्रत्येकाचं मला तेवढ्यापुरतं पटलं.

खरं तर डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटायला नको होतं. आमच्या शेजारची जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहतोय. त्यातल्या खोल्या जुन्यापेक्षा लहान आहेत, भाव दुप्पट आहे, आणि त्याबद्दल कुणी बोललं की बिल्डरचा माणूस क्लब हाउस दाखवतो. ४०६० चं क्लब हाउस म्हणजे ‘फ्रेम जनरेशन’. ते ३० च्या बॅचला मिळत नाही, ४० च्या बॅचला मिळतं.

“म्हणजे नक्की काय होतं रे?”

“फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र. कार्ड खरी फ्रेम काढतं, मग पुढची खरी फ्रेम काढतं. आणि त्या दोघींच्या मधली एक अंदाजाने बनवून टाकतं. त्यामुळे फ्रेम वाढतात.”

मला भरून आलं. रीडिंग घ्यायला गेलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसलं की आम्ही मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधून सरासरी बिल काढायचो. त्या सरासरीपायी मी उभा जन्म काउंटरवर शिव्या खाल्ल्या. एका आजोबांनी तर छत्री उगारली होती. आणि इथे तीच सरासरी हे लोक खोक्यावर ठळक अक्षरांत छापतात आणि वर तिचे पैसे लावतात! आमच्या कंपनीला मार्केटिंग खातं नव्हतं, दुसरं काय.

दरम्यान घरात ‘गेम’ हा शब्द वापरातून गेला होता. कार्ड आता ‘एआय’साठी हवं होतं. चिरंजीवांनी पुरावाच आणला. २०१२ साली टोरांटोच्या एका विद्यार्थ्याने चित्रं ओळखणारा जो प्रोग्राम तयार केला आणि ज्याने सगळ्या जगाची दिशा बदलली, तो त्याने दोन गेमिंग कार्डांवरच शिकवून तयार केला होता. जीटीएक्स ५८०. दोन. आणि त्या विद्यार्थ्याचे गुरुजी जेफ्री हिंटन, त्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

“नोबेल, बाबा. आणि मी तर एकच कार्ड मागतोय.”

माहिती खरी निघाली, हे सगळ्यात वाईट. मराठीत कमी मार्क पडलेल्या मुलाची मांडणी इतकी बिनतोड कशी, याचा मी अजून विचार करतोय.

मग पैसे वाचवायचा शेवटचा प्रयत्न म्हणून मी जुन्या कार्डांच्या बाजाराकडे वळलो. करोनाच्या काळात कार्डांचा दुष्काळ होता. जी काही होती ती लोकांनी इथेरियम या आभासी चलनाचं नाणं खणायला, म्हणजे आकडेमोड करून मिळवायला, रात्रंदिवस जुंपली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डांची गरज संपली, आणि खाणीतून सुटलेली ही बिगारी जनावरं बाजारात आली. कल्याणच्या एका गृहस्थांकडे ३०७० होतं. “डॉक्टरांचं आहे,” ते म्हणाले, “फक्त रविवारी खेळायचे.” जुनी गाडी विकतानाही हेच डॉक्टर असतात. मी कार्ड उलटंपालटं केलं. पंख्याच्या पात्यांवर काजळी होती आणि एक पंखा हाताने फिरवला की कण्हत होता. एवढे रविवार कुठल्याही डॉक्टरला मिळत नाहीत.

शेवटी निर्णय लागला तो माझ्या शाखेत आल्यावर. प्रत्येक कार्ड किती वॅट ओढतं ते लिहिलेलं असतं, हे मला फार उशिरा समजलं. ३०६० ला १७० वॅट. ४०६० ला ११५. इतके दिवस परक्या गावात भटकत होतो आणि अचानक ओळखीचं स्टेशन आलं! फरक ५५ वॅटचा. दिवसाला चार तास धरले तर महिन्याला साडेसहा युनिट. मी कागद घेतला. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून अडीचशे वॅट, म्हणजे दिवसाला एक युनिट, महिन्याला ३०. आमचा वापर २८० च्या आसपास. म्हणजे ३१०. म्हणजे ३०० चा टप्पा ओलांडला! टप्पा ओलांडला तरी चढा दर फक्त वरच्या दहा युनिटांना लागतो, सगळ्यांना नाही, हे मी २८ वर्षं काउंटरवर घसा फोडून लोकांना समजावलं आहे. घरी बसून स्वतःला समजावताना कळलं की ते लोक का ऐकत नव्हते.

त्या रात्रीच ४०६० नक्की झालं. चिरंजीवांना १२८ बिट, ८ जीबी वगैरे सगळं क्षणात मान्य झालं; बापाचा विचार बदलायच्या आत होकार द्यायचा एवढी जाण त्याला आहे. शिवाय एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ४५० वॅट लिहिलं होतं. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या त्या डब्यावर माझा विश्वास नव्हता. लिहिलेले वॅट आणि मिळणारे वॅट यांची भेट घडेलच असं नसतं. घराला किती वीज ओढायची परवानगी आहे त्या मंजूर भाराचं भान न ठेवता एसी लावणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, म्हणून मी होऊन म्हणालो, “एसएमपीएस पण चांगला ५५० चा घेऊ.” हे वाक्य मी स्वेच्छेने उच्चारलं, याला घरात दोन साक्षीदार आहेत.

शनिवारी सकाळी डोंबिवलीहून फास्ट, दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो, आणि ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. डिप्लोमाला असताना मी इथे रेझिस्टर घ्यायला यायचो. पाच रुपयांत मूठभर मिळायचे आणि दुकानदार ते रद्दीच्या पुडीत बांधून द्यायचा. आता फुटपाथवर केबलींची जाळी, कॅमेरे, आणि दर दहा पावलांवर “क्या चाहिए साब?” मी काय पाहिजे ते सांगायच्या आत चिरंजीव पुढे झाले. वर्गात तोंड न उघडणारा माझा मुलगा तिथे माहेरी आल्यासारखा मोकळा बोलत होता. दुकानदार त्याच्याशी आदराने, माझ्याशी सहानुभूतीने.

पहिल्या दुकानात भाव सांगितला आणि तो संध्याकाळपर्यंतच राहील असं बजावलं. दुसऱ्यात रोख दिले तर वेगळा, बिल घेतलं तर वेगळा. १८ टक्के जीएसटी वाचवायचा मोह मला झाला, खोटं कशाला बोलू, पण बिलाशिवाय तीन वर्षांची वॉरंटी कोण देणार? तिसऱ्या दुकानदाराने मात्र काउंटरवर एकदम पाच खोकी मांडली. पाचांवरही ४०६०. पाच कंपन्या, पाच भाव. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत सात हजारांचं अंतर. कुठे दोन पंखे, कुठे तीन, कुठे दिवे.

“पण हे सगळे वेगवेगळे आहेत की एकच?”

“अंदर चिप सेम है, अंकल.”

मुलगा तीन पंखेवाल्याकडे बघत होता. मी बाहेर येऊन हिला फोन लावला. सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं.

“सोनं तेच आहे ना?”

“हो.”

“मग ज्याची घडणावळ कमी ते घ्या. मोडायला नेलं की घडणावळ कोण देतं?”

सात तासांच्या यूट्यूबवर एकानेही ही गोष्ट इतक्या कमी शब्दांत सांगितली नव्हती. दोन पंख्यांचं घेतलं. बिलासकट.

घरी आल्यावर आईने खोकं हातात घेऊन बघितलं. “तीस हजारांचं, आणि एवढंसं? वर पंखे कशाला?”

“गरम होतं ना आजी ते.”

“मग चालवायचं कशाला गरम होईस्तोवर?” असं म्हणून ती टीव्हीकडे वळली. कॅबिनेटमध्ये कार्ड मावेल की नाही, हे मात्र आम्ही तिच्याच शिवणकामाच्या टेपने मोजलं. मावलं.

रात्री साडेदहाला कार्ड बसलं. चिरंजीवांनी आम्हा सगळ्यांना बोलावून एक गेम दाखवला. पावसात भिजलेला रस्ता, डबक्यात दुकानांच्या पाट्यांची प्रतिबिंबं, पाटीवरचा दिवा लुकलुकला की डबक्यातलाही लुकलुकायचा. खरंच सुंदर होतं. आई म्हणाली, “रस्त्याला खड्डा आहे तेवढा बुजवायला सांग.” मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

हे सुख एकच रात्र टिकलं. दुसऱ्या दिवशी तो मित्रांबरोबर व्हॅलोरंट नावाचा गेम खेळत होता. मी मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर सगळं सपाट, धुरकट, सावल्या नाहीत, प्रतिबिंबं नाहीत. आमच्या काळातल्या व्हिडिओ गेमसारखं.

“कार्ड बिघडलं का रे?”

“नाही बाबा. मी सगळं ग्राफिक्स ‘लो’वर ठेवलंय.”

“का?”

“लोवर ठेवलं की फ्रेम जास्त मिळतात. सगळे लोवरच खेळतात.”

तीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड ग्राफिक्स कमी करण्यासाठी घेतलं जातं, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी पलंगावर बसलो.

“मग आता मिळतात ना भरपूर फ्रेम?”

“मिळतात. दोनशेच्या वर. पण दिसत नाहीत.”

“आता त्या का दिसत नाहीत?”

“आपला मॉनिटर साठ हर्ट्झचा आहे. सेकंदाला साठच दाखवू शकतो. निदान एकशे चव्वेचाळीसचा पाहिजे.”

हर्ट्झ म्हटल्यावर मला धीर आला. हे माझं खातं.

“अरे, साठ कमी आहेत होय? आपल्या विजेला पन्नास हर्ट्झ असतात. अख्खा देश पन्नासवर चालतो!”

त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावला.

“म्हणूनच, बाबा.”