काका, मला मागं टाकलं

आज संध्याकाळी पुतण्या फुटबॉलच्या सरावावरून आला आणि बूट न काढताच जिन्यावर बसून राहिला. अकरा वर्षांचं पोर. काय झालं विचारलं तर म्हणाला, "काका, मला मागं टाकलं." म्हणजे डिफेन्सला. का? तर "तुला ड्रिबल जमत नाही, तू मागं जा." ड्रिबल म्हणजे बॉल पायात ठेवून समोरच्याला चकवणं.

तेव्हापासून डोकं तापलंय.

मागं खेळणं ही शिक्षा कधीपासून झाली? आमच्या कोल्हापुरात, आमच्या पेठेत स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला डिफेंडर, हा संघातला सगळ्यात शहाणा माणूस. बाकीचे दहा त्याचं ऐकायचे.

मी सतरा वर्षांचा असताना शाहू स्टेडियमवर एका मॅचमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्या फॉरवर्डवर झेपावलो. सरकत गेलो, बॉल लागला नाही, तो बाजूनं निघून गेला आणि गोल. हरलो. पेठेतले मामा, सगळ्यांचेच मामा, जुने स्टॉपर, एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला एकट्याला गांधी मैदानावर बोलावलं. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पन्नाशीचा माणूस, बॉल घेऊन माझ्या अंगावर येत राहिला. चाळीस वेळा तरी. मी पाय घातला की ओरडायचे, "पडू नको! पडलास की खेळ त्याचा." मग खांदे धरून मला अर्धा वळवायचे. एक पाय पुढं, एक मागं, हात पसरलेले. "बॉल बघू नको रं. त्याची कंबर बघ. पाय फसवत्यात, कंबर न्हाई फसवत."

आता टीव्हीवर बघा. गोलपुढच्या बॉक्समध्ये समोरून शॉट येतोय आणि डिफेंडर हात पाठीमागं बांधून उभा! का, तर हाताला बॉल लागला की व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून तपासणारे पंच, आणि पेनल्टी. अरे, हात बांधून माणूस तोल कसा सांभाळणार? वळणार कसा? मामांनी ज्या हातांना पसरायला शिकवलं, तेच हात नियमानं बांधून टाकले.

आणि ती २०२५ ची चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची सेमीफायनल. इंटर आणि बार्सिलोना, आधी ३-३, मग ४-३. दोन मॅचमध्ये १३ गोल. आमच्या ग्रुपवर अजून त्याच्या क्लिपा फिरतात. मीही रात्र जागवून बघितली, श्वास रोखून बघितली, नाही म्हणत नाही. पण त्या १३ गोलांत किती वेळा डिफेंडर नुसता पळत सुटलेला दिसतो ते मोजा एकदा. आणि इंटरचा अचेर्बी, सदतीस वर्षांचा सेंटर बॅक, म्हणजे आपला स्टॉपरच, लोकांच्या लक्षात का राहिला? ९३ व्या मिनिटाला गोल मारला म्हणून! आयुष्यभर गोल अडवले त्याचं कुणाला काही नाही.

कोच फ्लिकची बार्सिलोना डिफेंडरांची लाइन अर्ध्या मैदानावर लावते, पास येताना त्या लाइनच्या पलीकडं सापडलेले समोरचे ऑफसाइडच्या सापळ्यात अडकतात, ती पण कला आहे, मान्य. इटलीचा जुना डिफेंडर बारेसी, त्याचा मिलान क्लबही सापळा लावायचा. पण सापळा फसला तर पुढचं काम करणारा माणूस तिथं असायचा.

बारेसीचं नाव निघालं की मला ती १९९४ ची रात्र आठवते. वर्ल्डकपची इटली-ब्राझील फायनल आपल्याकडं रात्री एकला सुरू झाली. एका घरात वीस-पंचवीस जण, मी बारा वर्षांचा, मामांच्या मांडीला टेकून. त्याच वर्ल्डकपमध्ये बारेसीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला महिनाही झाला नव्हता. समोर ब्राझीलचे फॉरवर्ड रोमारिओ आणि बेबेटो. १२० मिनिटं, एक गोल नाही. घरातली निम्मी माणसं कंटाळून झोपली. मामा पुढं सरकून बसलेले, बॉल कुठंही असो, बोट बारेसीवर. "बघ कुठं उभा हाय. बघ." मग पेनल्टी, त्याचीच पहिली, बारवरून गेली. शेवटी तो रडला. मामा घरी गेले नाहीत, उजाडेपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसून होते.

१९९० चा वर्ल्डकप रटाळ होता, गोलकीपरकडं बॉल देऊन वेळ काढायचे, १९९२ ला बॅकपासचा नियम आला, आपल्याच खेळाडूनं पायानं मागं दिलेला बॉल गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही, ते बरंच झालं. ठीक आहे. पण २००६ च्या इटलीला रटाळ कोण म्हणेल? अख्ख्या स्पर्धेत दोन गोल खाल्ले. एक स्वतःच्याच खेळाडूचा, एक फ्रान्सच्या झिदानची पेनल्टी. त्यांचा डिफेंडर कानावारोला बॅलन डी'ओर, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाला. त्यानंतर एकाही डिफेंडरला नाही. २०१९ ला डिफेंडर व्हॅन डाइक दुसरा आला, दुसराच.

आता सेंटर बॅक घेताना आधी विचारतात पासिंग कसं आहे. पास हवाच, पण समोरून माणूस अंगावर आल्यावर कसं उभं राहायचं हे या पोरांना कोण शिकवतंय?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मघाशी पुतण्याला अंगणात उभं केलं, खांदे धरून अर्धा वळवला, हात पसरायला लावले आणि बॉल घेऊन त्याच्या अंगावर गेलो. पहिल्या तीन वेळा पाय घातला. चौथ्यांदा थांबला. माझ्या कंबरेकडं टक लावून, जीभ दातात धरून, मागं मागं सरकत राहिला, आणि मी बॉल जरा लांब ढकलला तसा काढून घेतला. मग माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू.

मामा आता पंचाहत्तरीच्या पुढं आहेत, गुडघे साथ देत नाहीत, पण रोज पहाटे मैदानावर येऊन बसतात. उद्या सहाला याला घेऊन जातोय. ज्यांची पोरं मागं खेळतात त्यांनी पाठवा, बूट नसले तरी चालतील.