सेल बदलून घड्याळ सुधारत नाही

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याकडच्या दुकानदारांच्या आणि दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. वर ‘कॉम्प्युटरची वेळ चुकते? हे पाच उपाय करा’, खाली जोडलेले हात आणि ‘सर्व बांधवांपर्यंत पोहोचवा’. उपाय थोडक्यात असे. घड्याळ मागे पडलं म्हणजे बोर्डावरचा सेल गेला, दर वर्षी उन्हाळ्याआधी तो बदला. नवा सेल टाकला की आतलं घड्याळ क्वार्ट्जचं असल्यामुळे वर्षभर सेकंदही चुकत नाही. इंटरनेटवरून वेळ घेणं बंद करा, त्याने वेळ बिघडते आणि हॅकर आत शिरतात. त्याऐवजी दर तासाला हार्डवेअर घड्याळावरून सिस्टीमची वेळ लावून घ्या. आणि बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला तर तो व्हायरस, मशीन फॉरमॅट करा.

पाचही उपाय चुकीचे आहेत, पण सारखे नाहीत. पहिल्यात थोडं तथ्य आहे, तिसऱ्यातली भीती अगदीच निराधार नाही, चौथा मात्र धडधडीत नुकसान करणारा आहे.

सेलपासून सुरुवात करू. मशीनमध्ये घड्याळं दोन असतात. मेसेज लिहिणाऱ्याने ती एकच धरली आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून झाला. एक बोर्डावरचं हार्डवेअर घड्याळ, म्हणजे आरटीसी. मशीन बंद असलं तरी ते चालू राहतं. दुसरं ऑपरेटिंग सिस्टीमचं. मशीन सुरू होताना सिस्टीम हार्डवेअर घड्याळातून वेळ उचलते आणि मग वेगळ्या काउंटरवर, वेगळ्या क्रिस्टलच्या (ठोके देणाऱ्या क्वार्ट्जच्या तुकड्याच्या) जोरावर, स्वतःची मोजणी करत राहते. पडद्याच्या कोपऱ्यात दिसते ती ही दुसरी वेळ.

आता सेलचं काम बघा. सीआर २०३२ ही तीन व्होल्टची चकती लागते ती भिंतीवरचं बटण बंद असताना किंवा लाइट गेल्यावर. बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय बोर्डाला स्टँडबाय वीज देतच असतो आणि आरटीसी त्यावर चालतं, मशीन शटडाउन केलेलं असलं तरीही. तेव्हा दिवसभर चालू असलेल्या मशीनचं घड्याळ संध्याकाळपर्यंत मागे पडलं तर त्यात सेलचा काही हात नाही. सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. आरटीसी ३ मायक्रोअँपिअर ओढतं असं धरलं तर नुसत्या सेलवर कागदोपत्री आठ वर्षं निघतात. उष्णतेने आणि बोर्डावरच्या गळतीने प्रत्यक्षात कमी निघतील, पण दर वर्षी नवा सेल टाकायला लावणं म्हणजे सेल विकणाऱ्याची सोय.

मग लोकांना अनुभव उलटा का येतो? गिऱ्हाईक येतं, म्हणतं, “भाऊ, घड्याय मांगे पडी ऱ्हायनं, सेल टाकी द्या.” सेल बदलला जातो, वेळ बरोबर होते, गिऱ्हाईक खूश. पण सेल काढला की बोर्ड तारीख विसरतं, त्यामुळे नवा बसवल्यावर वेळ हाताने लावावीच लागते. घड्याळ बरोबर झालं ते त्या लावण्याने. सेल न बदलता नुसती वेळ लावली असती तरी तेच झालं असतं. पुढच्या दोन महिन्यांत ते पुन्हा तेवढंच मागे पडतं, आणि मग ‘हल्ली सेल डुप्लिकेट येतात’ हे ऐकू येतं.

सेल खरंच संपतो तेव्हा लक्षणं वेगळी असतात. रात्री मेन स्विच बंद करून सकाळी लावलं की तारीख एकदम काही वर्षं मागे जाते, बायोसची (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग पुसली जातात, सुरू होताना सीमॉस चेकसमची, म्हणजे साठवलेल्या सेटिंगची पडताळणी चुकल्याची, तक्रार दिसते. शंका असेल तर संध्याकाळी बायोसच्या पडद्यावरची वेळ मोबाइलशी ताडून बघा, रात्रभर वीज पूर्ण तोडा, सकाळी पुन्हा बायोसमध्येच बघा. घड्याळ थांबलेलं, तासांनी मागे किंवा भलत्या वर्षात असेल तर सेल बदला. एखाद-दोन सेकंदांचा फरक असेल तर सेलला हात लावू नका.

हे एखाद-दोन सेकंद येतात कुठून, हा मेसेजचा दुसरा मुद्दा, आणि खानदेशातल्या माणसाने तो नीट समजून घ्यावा असा आहे. आरटीसीचा क्वार्ट्ज सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा असा विचित्र वाटतो, पण तो २ चा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंदाचा ठोका मिळतो. क्वार्ट्ज म्हटलं की लोकांना अचूकता डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात बोर्डावर बसतो तो स्वस्तातला क्रिस्टल, आणि २५ अंशांवरसुद्धा त्यात दशलक्षात २० भागांपर्यंत चूक चालते असं बनवणाराच लिहून देतो. म्हणजे दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला जवळजवळ ५२. पुढे किंवा मागे. ‘वर्षभर सेकंदही नाही’ हा दावा इथेच संपला, अजून ऊन तर आलंच नाही.

या क्रिस्टलचा आकार सूरकाट्यासारखा (ट्यूनिंग फोर्कसारखा) असतो आणि तो साधारण २५ अंशांना सगळ्यात जलद चालतो. तिथून तापमान वर जावो की खाली, तो मंदच होतो. हिशोब सोपा आहे: २५ पासून जितके अंश दूर, त्याचा वर्ग करा, ०.०३४ ने गुणा; दशलक्षात तेवढे भाग मागे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ वर जातो. वीस अंशांचा फरक, वर्ग ४००, गुणाकार १३.६, म्हणजे दिवसाला जवळपास १.२ सेकंद. पण ४५ हे बाहेरच्या सावलीतलं तापमान झालं. पत्र्याखालच्या दुकानात, धुळीने बुजलेल्या पंख्याच्या कॅबिनेटमध्ये ५५ सहज होतात, आणि तिथे तूट दिवसाला २.६ सेकंदांवर जाते. महिन्याला सव्वा मिनिटाहून जास्त, तीसुद्धा मूळच्या ५२ सेकंदांच्या चुकीला धरून नाही. धुळ्याला जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हाही हे घड्याळ मागेच पडतं, फक्त कमी.

म्हणून उन्हाळ्यात तक्रारी वाढतात हे मेसेजवाल्याचं निरीक्षण खरं आहे. कारण तेवढं चुकलं. एक गंमतही होते: ज्या मशीनचा क्रिस्टल मुळात थोडा जलद आहे, ते हिवाळाभर पुढे पळतं आणि ऐन मे महिन्यात बरोबर चालतं. मालकाला वाटतं, मशीन आता सुधारलं.

सिस्टीम ज्या काउंटरवर चालते त्याचा क्रिस्टल निराळ्या जातीचा, त्यामुळे वरचा हिशोब त्याला जसाच्या तसा लावू नका. पण चूक त्यालाही आहे आणि उष्णतेने तीही बदलते. दोन्ही घड्याळं स्वतःच्या चालीने भरकटतात, एकमेकांपासून आणि खऱ्या वेळेपासून.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सीसीटीव्हीच्या डीव्हीआरकडे, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या डब्याकडे. तोही छोटा कॉम्प्युटरच. तो माळ्यावर, सगळ्यात गरम कोपऱ्यात ठेवतात आणि बसवल्या दिवसानंतर त्याची वेळ कोणी बघत नाही. सराफाच्या दुकानात दोन डीव्हीआर असले आणि दोघांच्या वेळेत सात-आठ मिनिटांचं अंतर असलं, तर चोर एका दारातून आत येण्याआधी दुसऱ्या दारातून बाहेर गेलेला दिसतो. सेल बदलून हे सुटत नाही. डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये एनटीपी नावाची ओळ असते, ती चालू करायची.

आणि नेमकी तीच बंद करा, असं तिसरा मुद्दा सांगतो. एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत. डेव्हिड मिल्स या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने ती घडवली आणि १९८५ मध्ये तिचं पहिलं मानक आलं. ‘नेट स्लो असलं की वेळ चुकीची येते’ ही समजूत तिच्याबद्दल फार पसरलेली आहे. पण प्रश्न कधी निघाला, सर्व्हरला कधी मिळाला, उत्तर कधी निघालं आणि कधी पोहोचलं अशा चार वेळा टिपून ती वाटेतला उशीर वजा करते. मोबाइलच्या नेटवर जाऊन येऊन १०० मिलिसेकंद लागले तरी वाटेमुळे होणारी चूक जास्तीत जास्त ५० मिलिसेकंद. दिवसाला दीड-दोन सेकंद गमावणाऱ्या घड्याळाने यावर बोट ठेवू नये.

हॅकरचं म्हणाल, तर वेळ विचारायला मशीन स्वतः बाहेर जातं, त्यासाठी राउटरमध्ये बाहेरच्यांना दार उघडून द्यावं लागत नाही. २०१४ च्या सुमारास एनटीपीचा वापर करून मोठे हल्ले झाले हे खरं, पण त्यात वापरले गेले ते कोणालाही उत्तर देत बसलेले उघडे सर्व्हर. साध्या एनटीपीत उत्तर देणाऱ्याची ओळख पटवली जात नाही ही कमतरताही खरी; त्यासाठी २०२० मध्ये एनटीएस हे सुरक्षित रूप आलं, आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये ते वापरता येतं. भारतीय प्रमाणवेळ सांभाळते ती दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, अणुघड्याळांवर. तिचे आणि एनआयसी या सरकारी संगणक केंद्राचे एनटीपी सर्व्हर आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांत कंपन्यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं याच सर्व्हरांशी किंवा त्यांच्याशी जोडलेल्या स्रोतांशी जुळवावीत असं सांगितलं आहे. सरकार जे चालू ठेवायला सांगतं तेच बंद करण्याचा सल्ला हा मेसेज देतो आहे.

आता चौथा उपाय. लिनक्सवर एचडब्ल्यूक्लॉक नावाची आज्ञा आहे. हार्डवेअर घड्याळाची वेळ सिस्टीममध्ये किंवा सिस्टीमची हार्डवेअर घड्याळात, दोन्हीकडे ती भरता येते. मेसेज पहिली दिशा सांगतो आणि तीही क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत) टाकून, दर तासाला. यात तीन खोड्या आहेत. आरटीसी पूर्ण सेकंदच सांगतं, सिस्टीमचं घड्याळ त्याहून कितीतरी बारीक मोजतं. म्हणजे जाड मापाने बारीक माप तपासायचं. दुसरं, अशी वेळ लावली की घड्याळ उडी मारतं, कधी पुढे, कधी मागे. मागे उडी मारली की डेटाबेसमध्ये नंतरची नोंद आधीची ठरते, बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामला नवी फाइल जुनी वाटते. एनटीपीवाले प्रोग्राम अशा बारीकसारीक चुका उडी न मारता काढतात, सेकंद किंचित लहान-मोठा करून. ही गती लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) सहसा दशलक्षात ५०० भागांपर्यंतच ठेवतात, म्हणजे दिवसाला ४३ सेकंद.

तिसरी खोडी खरी मजेची. एनटीपीने वेळ जुळलेली असेल तर लिनक्सचं कर्नल दर ११ मिनिटांनी सिस्टीमची वेळ स्वतःहून हार्डवेअर घड्याळात उतरवतं. क्रोनीमध्ये त्यासाठी एक ओळ लिहिलेली असावी लागते, लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत (तयार आवृत्त्यांत) ती आधीच असते. अशा मशीनवर दर तासाला उलटी आज्ञा चालवणं म्हणजे सातबाऱ्याच्या झेरॉक्सवरून तलाठ्याचं दप्तर दुरुस्त करणं. वेळ बाहेरून सिस्टीममध्ये यावी आणि सिस्टीममधून हार्डवेअर घड्याळात जावी. उलट फक्त एकदा, मशीन सुरू होताना.

नेट अजिबातच नसेल तर? जिनिंगमधला वजनकाट्याचा पीसी, शेतातल्या शेडमधलं मशीन, अशी उदाहरणं आपल्याकडे भरपूर. तिथे एचडब्ल्यूक्लॉकचा एक चांगला उपयोग आहे. वेळ बरोबर लावून हार्डवेअर घड्याळात लिहायची, काही आठवड्यांनी पुन्हा बरोबर लावताना तूट नोंदवायला सांगायचं. ही आज्ञा घड्याळ दिवसाला किती सेकंद चुकतं ते फाइलमध्ये ठेवते आणि पुढे तेवढी भरपाई करते. मात्र डिसेंबरात काढलेली तूट मे महिन्यात कामाची नाही, कारण वर सांगितलं तेच. उन्हाळ्यात पुन्हा काढा. जिथे छोट्या बोर्डावर बाहेरून आरटीसी जोडायची सोय आहे, तिथे डीएस ३२३१ ही चिप घ्या. ती स्वतःचं तापमान मोजून चाल सुधारते. शून्य ते ४० अंशांत तिची चूक दशलक्षात २ भागांच्या आत असते, त्याच्या वर साडेतीन.

राहिला साडेपाच तासांचा व्हायरस. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, पंधरा अंशांना एक तास या हिशोबाने ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स सहसा यूटीसी, म्हणजे ग्रिनिचची वेळ. दोघं एका मशीनवर आले की लिनक्स ती वेळ यूटीसी समजून त्यात साडेपाच तास मिळवतं आणि पुढे दिसतं. मग नेटवरून स्वतःला सुधारून यूटीसी लिहून ठेवतं आणि विंडोज साडेपाच तास मागे दिसतं. दोन सिस्टीम टाकलेल्या नसल्या तरी हे होतं. बिघडलेल्या विंडोजमधला डेटा काढायला दुरुस्तीवाला पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवतो, तेवढ्याने पुरतं. व्हायरस असता तर त्याने रेखांशाचा इतका मान ठेवला नसता.

उपाय दोनपैकी एक: लिनक्सला सांगा की हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेचं आहे, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या वहीत) ते यूटीसी असल्याची नोंद करा. दुसरा जास्त नीटनेटका. पण आपल्याकडे परदेशासारखी उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची भानगड नसल्यामुळे पहिल्यानेही फारसं बिघडत नाही. नुसतं विंडोज असेल तर आधी टाइम झोन बघा. चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेला निवडा, स्वयंचलित वेळ चालू करून एकदा सिंक करा. फॉरमॅटला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात असली पंचवीस मशीन होतात, आणि गिऱ्हाइकाचा टॅलीचा डेटा जागेवर राहतो.